मदत हवी आहे : पिल्लाची माती खाण्याची सवय कशी मोडावी?

परडे
नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही कुत्र्याचे पिल्लू घरी आणले. मुलाने हौसेने त्याचे नाव पैलवान ठेवले आहे. नावाला ओ देणे, हातातला खाऊ पाहून खाली बसणे आणि सकाळी परड्यात नेल्यावर शी-शू उरकून येणे, एवढे ते पहिल्या दहा दिवसांतच शिकले होते. गेल्या सहा दिवसांपासून मात्र सगळे उलटे चालले आहे. ‘बस’ म्हटले की ते बसण्याऐवजी आडवे होते आणि डोळे मिटून घेते. घरात कुठेही घाण करते, आणि परड्यात सोडले की माती खाते. ती तोंडातून काढायला गेलो तर गुरगुरते. मध्यंतरी त्याचे पोट बिघडले होते, पण त्यावर औषध दिलेले आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत : माती खाण्याची सवय कशी मोडावी, आणि घरात घाण केल्यावर एक वेळचे खाणे बंद ठेवतो, तो उपाय आणखी किती दिवस करावा? कृपया लवकर उत्तर द्यावे. ‘जमत नसेल तर पाळू नका’ अशा प्रतिक्रिया नकोत.

भवानी मंडप
पिल्लाचे वय किती, कोणत्या लसी झाल्या, जंताचे औषध कधी दिले, पोट बिघडले म्हणजे नेमके काय झाले आणि दिलेले औषध कोणते, यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. ही माहिती दिल्याशिवाय कोणीही काही सांगितले तरी तो अंधारात मारलेला दगड ठरेल.

पायताण
वय वगैरे सोडा. आमच्या मळ्यावर आजवर सात कुत्री झाली. घाण केली की तिथल्या तिथे नाक टेकवायचे आणि कागदाची सुरळी जमिनीवर आपटायची. तिसऱ्या दिवशी कुत्रे सरळ होते.

संथ रंकाळा
पायताण साहेब, मळ्यावरच्या कुत्र्याला साऱ्या रानात कुठेही जाता येते, त्यामुळे ते सरळ झाले की तुमच्या नजरेआड झाले हे तुम्हाला कळणार कसे? नाक टेकवल्याने पिल्लू एवढेच शिकते की या माणसासमोर शी करणे धोक्याचे आहे. मग ते कपाटामागे जाऊन करते. आमच्या पहिल्या कुत्रीच्या बाबतीत ही चूक मी स्वतः केली आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत तिचे परिणाम कपाटामागून काढले आहेत.

परडे
प्रश्न प्रशिक्षणाचा आहे आणि चौकशी आजाराची चालली आहे, तरी सांगतो. लॅब्राडोर आहे, वय सुमारे अडीच महिने. ओळखीतून घेतला. एक लस झाली असल्याचे देणाऱ्याने सांगितले होते. शी पातळ होत होती, म्हणून औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवण्याची माणसांची गोळी आणून अर्धी दिली. तेव्हापासून शी कमी वेळा होते, पण काळपट आणि चिकट होते. आता कृपया मातीबद्दल कोणी सांगेल का?

गंगावेस कट्टा
पिल्लाला ताकद नाही, बाकी काही नाही. कोल्हापुरात राहून दुधाची वानवा आहे का? संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन म्हशीचे धारोष्ण दूध आणावे आणि सकाळ-संध्याकाळ पाव लिटर पाजावे. तालमीतली पोरे यावरच उभी राहिली. जोडीला पांढऱ्या रश्श्यातली नळी चघळायला दिली, तर महिन्याभरात नाव सार्थ होईल.

शिरवळची विद्यार्थिनी
मी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे लिहिणे तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हे आधीच सांगते. वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. पोट बिघडलेल्या पिल्लाला म्हशीचे दूध दिले तर दुधातली साखर आणि स्निग्धांश या दोन्हींमुळे जुलाब वाढतात. रश्श्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन ते आतड्यात रुततात.

परडे दादा, तुम्ही ज्यांना वाईट सवयी म्हणत आहात, त्या एकत्र वाचल्या तर मला अवज्ञा दिसत नाही, अशक्तपणा दिसतो. ज्या पिल्लाला ‘बस’ येत होते ते आता आडवे होते, याचा अर्थ ते शब्द विसरले असा नसून त्याला बसवत नाही असा असू शकतो. माती खाणे हे रक्त कमी झाल्याचे लक्षण असू शकते, आणि काळी, डांबरासारखी चिकट शी म्हणजे पोटाच्या किंवा आतड्याच्या वरच्या भागात झिरपून पचलेले रक्त असू शकते. आत्ता एक गोष्ट पाहा. पिल्लाचा वरचा ओठ हलकेच उचला आणि दाताच्या वरची हिरडी अंगठ्याने दाबून सोडा. निरोगी हिरडी गुलाबी असते. दाबल्यावर पांढरी पडते आणि सुमारे दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. काळ्या रंगद्रव्याचे ठिपके असतील तर ते सोडून शेजारची जागा पाहा. काय दिसले ते लिहा, आणि तोवर खाणे बंद ठेवण्याची शिक्षा थांबवा. एवढ्या लहान पिल्लाच्या अंगात साठा नसतो. उपाशी ठेवले तर रक्तातली साखर एकदम उतरते आणि ते ग्लानीत जाते.

मुधोळप्रेमी
म्हणूनच मी नेहमी सांगतो की परदेशी जातीच्या मागे लागू नये. ज्या मुधोळ हाउंडवर २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढले, तो कुत्रा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर पैदा होतो आणि आपण मात्र लॅब्राडोर आणतो. आमच्या कारवानाने (मुधोळचेच दुसरे नाव) दहा वर्षांत दवाखान्याची पायरी पाहिलेली नाही.

भवानी मंडप
म्हणजे दहा वर्षांत रेबीजची लसही नाही, असेच ना? तुमच्या कुत्र्याची तब्येत चांगली आहे याचा आनंद आहे, पण ही बढाई नव्हे, ही कबुली झाली. धाग्यावर परत येऊ या.

परडे
हिरडी पाहिली. दाबून पांढरी पडते का ते कळलेच नाही, कारण ती मुळात गुलाबी नव्हतीच. भिंतीवरच्या चुन्याच्या रंगाची आहे. जीभही फिकट वाटते. दवाखाना उद्या सकाळी दहाला उघडतो. तोवर थांबले तर चालेल का?

शिरवळची विद्यार्थिनी
थांबू नका. रात्री उघडा असलेला कोणताही पशुवैद्यकीय दवाखाना दूरध्वनीवरून शोधा आणि निघा. ताजी शी स्वच्छ डबीत घालून सोबत न्या, आणि कोणती गोळी, किती आणि कोणत्या दिवशी दिली ते न लपवता सांगा. जुलाब थांबवणाऱ्या गोळीने आतड्याची हालचाल मंदावते, त्यामुळे आजार झाकला जातो, बरा होत नाही. पिल्लाला चालवू नका, टॉवेलात गुंडाळून उचलून न्या.

नऊ नंबरची वही
हा पार्व्हो आहे, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा जुलाब, मी पैजेवर सांगतो. माझे पिल्लू याच वयात चार दिवसांत गेले. सगळे घर आत्ताच्या आत्ता फिनाईलने पुसून घ्या.

शिरवळची विद्यार्थिनी
तुमच्या पिल्लाचे वाचून वाईट वाटले. पार्व्होची शंका घ्यायलाच हवी, कारण एका लसीवर या वयात पुरेसे संरक्षण मिळत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडे (रक्तातले रोगाशी लढणारे घटक) लसीचा परिणाम होऊ देत नाहीत, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पण पार्व्होत बहुधा उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, लालसर जुलाब जोरात येतात. इथे सहा दिवस सावकाश उतरती कळा दिसते. शीचा नमुना पट्टीवर घेऊन पार्व्होची चाचणी दहा-पंधरा मिनिटांत होते, त्यामुळे पैज लावण्यापेक्षा चाचणी करावी. आणि फिनाईलवर विसंबू नये, त्याने हा विषाणू खात्रीने मरत नाही. त्यासाठी जागा आधी धुऊन घ्यावी, मग तीस भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळून ते दहा मिनिटे तिथे राहू द्यावे.

परडे (दोन दिवसांनी)
उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. पार्व्होची चाचणी नकारात्मक आली. डॉक्टरांनी शी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मलाही दाखवली. पातळ कवचाची लांबट अंडी होती, आत द्राक्षाच्या घोसासारखे गोळे. अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. हे जंत आतड्याला चावा घेऊन रक्त पितात आणि पुष्कळदा आईच्या दुधातूनच पिल्लाच्या पोटात जातात, असे ते म्हणाले. हिमोग्लोबिन ५.८ निघाले. आणखी उतरले असते तर दुसऱ्या कुत्र्याचे रक्त चढवावे लागले असते. जंताचे औषध, सलाईन आणि लोहाचे थेंब दिले आहेत. औषधाने मोठे जंत मरतात, पण शरीरात दडलेल्या अळ्या नंतर वाढतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा डोस आहे. लसीचे कार्ड डॉक्टरांनी उजेडात धरले, तर त्यावर तारीख आहे पण लसीच्या कुपीचे स्टिकरच नाही. म्हणजे झालेली ‘एक लस’सुद्धा धरता येत नाही. देणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला की सगळ्या पिल्लांना असेच कार्ड दिले होते.

ज्या पिल्लाला रक्तच नव्हते त्याला मी घाण केली म्हणून तीन वेळा उपाशी ठेवले. याहून जास्त लिहिता येत नाही. आता विचारतो ते नीट विचारतो : बरे होईपर्यंत प्रशिक्षण पूर्ण बंद ठेवावे का?

पायताण
मी सुरळीबद्दल लिहिले ते मागे घेतो. मात्र सात कुत्री झाली हे खरे आहे.

संथ रंकाळा
बंद ठेवू नका, विषय बदला. आजारी पिल्लाला ‘बस-ऊठ’ नको, पण औषधाच्या निमित्ताने तुम्ही दिवसातून चार वेळा त्याला हात लावणारच आहात. तेच शिकवा. ओठ उचलला की एक घास, पंजा धरला की एक घास, सुई नसलेली सिरिंज आधी नुसती हुंगायला दिली की एक घास, आणि मग तिच्यातून औषध. मिनिटभरात थांबायचे, पिल्लाने मान फिरवली तर त्याआधीच. घास वेगळा आणू नये, डॉक्टरांनी सांगितलेल्या मऊ भात-चिकनातूनच काढावा. शी-शूसाठी झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी उचलूनच बाहेर न्यावे. पोट बिघडलेले असताना झालेली चूक मोजू नये. आणि गुरगुरण्याबद्दल : तोंडातली वस्तू ओढून काढली की पिल्लू ती पुढच्या वेळी घाईने गिळते. त्याऐवजी नाकाजवळ काही बरे धरावे आणि अदलाबदल करावी.

शिरवळची विद्यार्थिनी
याला माझे अनुमोदन. फक्त बाहेर नेण्याची जागा बदला. परड्यातल्या ओल्या सावलीच्या मातीत हुकवर्मची अळी जगते, आणि पावसाळ्यात तर तिला हवे तसे वातावरण मिळते. पिल्लाला काही आठवडे उन्हातल्या फरशीवर किंवा वर्तमानपत्रावर न्या. शी रोजच्या रोज उचला, म्हणजे अंड्यांतून अळ्या बाहेर पडायला सवड मिळणार नाही. मुलाला परड्यात अनवाणी फिरू देऊ नका. ही अळी माणसाच्या कातडीत शिरून नागमोडी, खाजरे वळ उठवते. नव्या लसी कधी सुरू करायच्या ते डॉक्टर ठरवतील, आणि तोवर रस्त्यावरच्या कुत्र्यांजवळ नेऊ नका. पण समाजात मिसळण्याचे वय हेच आहे, म्हणून त्याला कडेवर घेऊन उंबऱ्यात बसा आणि रिक्षा, भाजीची गाडी, शाळेची मुले लांबूनच पाहू द्या.

परडे (बारा दिवसांनी)
हिरड्या फिकट गुलाबी झाल्या आहेत. माती खाणे आपोआप थांबले, त्यासाठी काही शिकवावे लागले नाही. सिरिंजचे झाकण उघडल्याचा आवाज झाला की पैलवान स्वयंपाकघरातून धावत येतो, आणि आज ‘बस’ म्हटल्यावर बसला तो डोळे उघडे ठेवून. दुसरा डोस परवा आहे. गंगावेस कट्टा, दूध मीच प्यायलो.

नऊ नंबरची वही
याच धाग्यात विचारतो. आमच्या मांजरीची शीसुद्धा काळपट होते, तिलाही हेच असेल का?

भवानी मंडप
वय, लसी, जंताचे औषध आणि खाणे लिहून नवा धागा काढा.