मदत हवी: गायरान संपलं, ढेप आणू का मका भरडा?

पांझराकाठचा: तातडीचं आहे. गायरानात नुसती कुसळं राहिली. ढोरं दिवसभर हिंडतात, तरी संध्याकाळी पोट खपाटीलाच. सरकीची ढेप (तेल काढून उरलेली पेंड) आणू का मका भरडा? दोन्हीला पैसे नाहीत. उद्या बाजार आहे, पटकन सांगा.

दादर_भाकर: किती ढोरं? दुभती का भाकड? गाभण कोणी? तालुका कोणता? काहीच लिहिलं नाही भो.

पांझराकाठचा: पांझरा नदीकाठचं साक्री. नावावरून कळतंच की. नऊ ढोरं, सगळी गावरान.

रावेरची_केळी: आमच्याकडून केळीचे खांब न्या. कापून टाकले की ढोरं तुटून पडतात.

दादर_भाकर: रावेर ते साक्री? खांबात नव्वद टक्क्यांवर पाणी. ट्रकभर पाणीच वाहायचं का?

रावेरची_केळी: आमची ढोरं त्यावरच उन्हाळा काढतात. शेजारी कडबा टाकावा लागतो, एवढंच.

हिरवं_सोनं: अझोला करा, अझोला! हौदातल्या पाण्यावर वाढतो तो हिरवा चारा.

दादर_भाकर: प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे अझोल्याचा हौद कशाने भरू?

मक्याचा_माणूस: मकाच आणा. ताकद मक्यात असते. ढेपेत हल्ली काय काय मिसळतात!

जुना_पशुवैद्य: ताकद नंतर. वाळल्या गवतात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. 7 टक्क्यांच्या खाली गेलं की पोटातले जिवाणूच उपाशी राहतात, गवत पचत नाही आणि ढोर खाणंच कमी करतं. त्यावर भरडा जास्त पडला तर पचन आणखी बिघडतं, पोटात आम्ल वाढतं. म्हणून आधी ढेप, तिच्यात प्रथिनं जास्त. मोठ्या ढोराला दिवसाला किलोभर, गाभणीला शेवटच्या दोन-तीन महिन्यांत किलोभर जास्त. बुरशीची ढेप फुकट मिळाली तरी नको. लहान वासरांना ढेप जपूनच. मोठ्यांना रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. आणि घरी वाळला चारा किती आहे, ते अजून सांगितलं नाही तुम्ही.

मक्याचा_माणूस: माझे बैल भरड्यावरच उभे आहेत.

जुना_पशुवैद्य: तुमच्या बैलांपुढे दादर ज्वारीचा कडबा असतो. यांच्यापुढे कुसळं.

नवा_गोठा: गोठ्याच्या अनुदानाचा अर्ज कुठे भरतात?

पांझराकाठचा: मक्याचा कडबा खळ्यात पडलाय, तो तर घरोघर असतो. ढोरं नुसता चिवडतात. दोन गायी गाभण आहेत, एक पुढच्या महिन्यात व्यायची.

दादर_भाकर: हे आता सांगताय?

जुना_पशुवैद्य: मग कडबा वाया घालवू नका. बारीक कापून कुट्टी करा. 100 किलोला 4 किलो युरिया 50-60 लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून 21 दिवस हवाबंद झाका. सहा महिन्यांखालच्या वासरांना तो चारा नको. युरियाचं पाणी ढोरांच्या तोंडी लागलं तर जीव जातो, बादली लांब ठेवा. तोवर ढेप चालू करा, पण पहिल्या दिवशी मूठभरच.

पांझराकाठचा: उद्या ढेपच आणतो. झाकायला जुनी ताडपत्री चालेल ना?

जुना_पशुवैद्य: चालेल, भोकं नसली तर. कडेने माती दाबा. खायला घालण्याआधी लागेल तेवढाच चारा काढून तासभर मोकळा पसरा, वास उडू द्या.

नवा_गोठा: अनुदानाचं कोणी सांगेल का?