मदत हवी आहे: जुन्या संगणकाला यूएसबी ३.० पोर्ट बसवता येतील का?

खानापूरचा स्टुडिओवाला:
नमस्कार. खानापुरात माझा फोटो स्टुडिओ असून लग्नपत्रिकांचा मराठी आणि कन्नड मजकूरही मी त्याच संगणकावर जुळवतो. तुळशीचे लग्न लागल्यापासून मला उसंत नाही आणि संगणकाची गत अशी आहे, की कॅमेऱ्याचे चौसष्ट जीबीचे एक कार्ड उतरवायला सव्वा तास लागतो. परवा हलशीच्या एका लग्नाची चार कार्डे होती. मुलीकडची मंडळी हार्ड डिस्क न्यायला सकाळी साडेनऊला दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिसरे कार्ड निम्म्यावर होते. चहा पाजून किती वेळ काढणार? संगणकाच्या आत बसवायचे वेगवान यूएसबी ३.० पोर्टांचे कार्ड मिळते असे ऐकून बेळगावातील एका दुकानातून ते आणले, पण ते बसतच नाही. दुसरे कोणते आणावे ते कृपया लवकर सांगावे. नवा संगणक घ्या, असे कोणी सुचवू नये.

टिळकवाडीकर:
बसत नाही म्हणजे नेमके काय होते? कार्ड खाचेत शिरत नाही, शिरते पण मागची पट्टी आडवी येते, की शिरूनही संगणक ते ओळखत नाही? मदरबोर्ड कोणता आहे, विंडोज कोणती आहे आणि आत कोणत्या खाचा रिकाम्या आहेत, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

शहापूर_पेठ:
नवा घेऊ नये असे आपण म्हणता, म्हणून मी वापरलेला घ्यावा असे सुचवतो. इंटेलच्या ज्या चिपसेटमध्ये (मदरबोर्डावरच्या मुख्य चिपांमध्ये) यूएसबी ३.० मुळातच आले, ते २०१२ साली बाजारात आले. त्यानंतरची कार्यालयांतून निघालेली यंत्रे आता स्वस्तात मिळतात. जुन्या घोड्याला नवी नाल ठोकण्यात पैसे घालवू नयेत.

खानापूरचा स्टुडिओवाला:
मदरबोर्ड इंटेलच्या जुन्या जी-४१ चिपसेटचा आहे आणि विंडोज ७ आहे. वापरलेला संगणकही नको, कारण माझे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर परवान्याच्या जुन्या डोंगलवर (पोर्टात लावायच्या किल्लीवर) चालते आणि त्या डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे चालत नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यायची, तर तिच्या पैशात कॅमेऱ्याची एक चांगली लेन्स येईल. आत दोन पांढऱ्या लांब खाचा रिकाम्या आहेत, पण कार्डाचा दात फारच आखूड आहे. लांब दाताचे कार्ड कुठे मिळेल?

टिळकवाडीकर:
दुकानदाराने आपल्याला बरोबर कार्ड दिले आहे, आपण ते चुकीच्या खाचेत घालत आहात. त्या लांब पांढऱ्या खाचा जुन्या पीसीआयच्या आहेत. आपले कार्ड पीसीआय एक्सप्रेसचे आहे आणि त्याची खाच जेमतेम इंचभर लांबीची असते. ती बहुतेक ग्राफिक कार्डाच्या मोठ्या खाचेच्या शेजारीच सापडेल. लांब दाताचे कार्ड शोधूही नये. साध्या पीसीआयची एकूण क्षमताच सेकंदाला १३३ एमबी आहे, आणि त्या वाटेवरची सगळी कार्डे मिळून ती वाटून घेतात.

निपाणीचा वाचक:
पण जी-४१ वर ती लहान खाचही पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या पिढीचीच असते, हे कोणी का सांगत नाही? तिच्यातून सेकंदाला फार तर २५० एमबी जातात. यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, म्हणजे त्यातले संकेतनाचे बिट वगळले तरी ५०० एमबी. निम्मा वेग वाया जाणार असेल, तर कार्ड बसवून काय मिळवले? मी कोल्हापुरातून त्यानंतरच्या एच-६१ चिपसेटचा वापरलेला बोर्ड आणला, त्याची लहान खाच दुसऱ्या पिढीची असल्याने तिथे पूर्ण वेग मिळतो. माझ्या मते आधी बोर्ड बदलावा.

जुना_हार्डवेअरवाला:
निपाणीकरांचा आकडा बरोबर आहे, पण त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. स्टुडिओवाल्यांना जी हार्ड डिस्क गिऱ्हाइकाला द्यायची आहे, ती आतून फिरणारी डिस्क आहे आणि ती सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबीच्या पुढे जात नाही. तिला २५० ची वाट पुरून उरते.

मला खटकली ती दुसरीच गोष्ट. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० मेगाबिट असला, तरी प्रत्यक्षात सेकंदाला तीस-पस्तीस एमबी मिळतात, म्हणजे चौसष्ट जीबीला साधारण पस्तीस मिनिटे लागायला हवीत. आपल्याला सव्वा तास लागतो, म्हणजे वेग पंधराच्या आसपास पडतो आहे. एवढा बरोबर निम्मा वेग योगायोगाने पडत नाही. आपण कार्ड रीडरमधून थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवता का? जी-४१ च्या बोर्डांवर सहसा आयसीएच-७ ही चिप असते आणि तिच्यात वेगवान यूएसबीचा कंट्रोलर एकच असतो. पोर्ट आठ दिसले, तरी ते ४८० मेगाबिट आठही पोर्टांना मिळून असतात. एकाच अरुंद बोळातून रिकामी गाडी आत न्यायची आणि भरलेली बाहेर काढायची, तसा हा प्रकार आहे.

तेव्हा आज रात्रीपुरता बिनपैशाचा उपाय असा, की कार्ड आधी संगणकाच्या आतल्या डिस्कवर उतरवावे आणि मग ते लग्न आतल्या डिस्कवरून बाहेरच्या डिस्कवर रात्री झोपताना लावून द्यावे. कार्ड तरी अर्ध्या वेळात मोकळे होईल.

खानापूरचा स्टुडिओवाला:
होय, थेटच उतरवतो. आतल्या डिस्कवर जागा नसते म्हणून ती सवय लागली. आज जुनी लग्ने काढून जागा केली आणि एक कार्ड आत घेतले, तर अडतीस मिनिटे लागली. आपले उपकार झाले. पण मला कार्डही बसवायचेच आहे. ती लहान खाच सापडली, मात्र ग्राफिक कार्डाच्या पंख्याने तिला पूर्ण झाकले आहे.

मुक्तस्रोतप्रेमी:
आपण विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली का वापरत नाही? यूएसबी ३.० चा आधार लिनक्सच्या कर्नेलमध्ये (गाभ्यात) २००९ सालीच आला, तोही विंडोजच्या कितीतरी आधी. विंडोज ७ मध्ये तो मुळात नाहीच, विंडोज ८ पासून आला. लिनक्स घातल्यास ड्रायव्हर शोधत बसावे लागणार नाही.

टिळकवाडीकर:
आपले म्हणणे खरे असले तरी डोंगल विंडोज ७ वरच चालतो, असे त्यांनी वर लिहिले आहे. पत्रिकेवर वधूवरांची नावे लिनक्स जुळवून देणार नाही.

मुक्तस्रोतप्रेमी:
दोन्ही प्रणाली एकाच संगणकावर ठेवता येतात. दिवसा पत्रिका जुळवाव्यात आणि रात्री कार्डे उतरवावीत.

शहापूर_पेठ:
विंडोज ७ ला सुरक्षेची अद्यतने मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी बंद झाले, हेही ध्यानात ठेवावे. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच यंत्रात जात असतील, तर वेगापेक्षा मला विषाणूंची काळजी अधिक वाटते.

चंदगडी:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे जुना लॅपटॉप असून त्याच्या कडेला एक पट्टीसारखी रिकामी खाच आहे. तिच्यात असे कार्ड बसते का?

जुना_हार्डवेअरवाला:
चंदगडीदादा, ती एक्सप्रेसकार्डची खाच असेल तर यूएसबी ३.० चे कार्ड मिळते. ३४ मिलिमीटर रुंदीचे घ्यावे, कारण ते ५४ च्या खाचेतही बसते. मात्र खाच त्याहून जुन्या पीसीकार्डची असेल, तर नाद सोडावा. खाच मोजून कृपया वेगळा प्रश्न टाकावा, नाहीतर इथे दोन्ही यंत्रांची सरमिसळ होईल.

स्टुडिओवाल्यांसाठी: जी-४१ मध्ये स्वतःचे ग्राफिक असते. आपण त्या यंत्रावर व्हिडिओ जुळवत नसाल, तर ग्राफिक कार्ड काढून ठेवावे आणि मॉनिटरची केबल बोर्डावर लावावी. पत्रिका आणि फोटो उतरवणे यांना तेवढे पुरते. कार्डासोबत आलेल्या सीडीवर विंडोज ७ चा ड्रायव्हर आहे का, हे आधी पाहावे. कार्डावरची मोठी चिप रेनेसासची किंवा व्हीआयएची असेल, तर विंडोज ७ साठीचे ड्रायव्हर उपलब्ध आहेत.

निपाणीचा वाचक:
माझ्या अनुभवावरून एक सांगतो. असे कार्ड बसवल्यानंतर बिनतारी माउसचा रिसीव्हर त्या निळ्या पोर्टांपासून दूर ठेवावा. यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि माउस अडखळतो. इंटेलने २०१२ साली यावर एक टिपणही काढले होते.

टिळकवाडीकर:
माउसबद्दल कोणी विचारले होते का? त्यांचे कार्ड अजून बसायचे आहे.

खानापूरचा स्टुडिओवाला:
कार्ड बसले. ग्राफिक कार्ड काढल्यावर खाली ती लहान खाच धुळीने भरलेली निघाली, ती ब्रशने साफ करून घेतली. चिप रेनेसासची आहे. सीडीचा ड्राइव्ह केव्हाच बिघडला असल्यामुळे भावाच्या लॅपटॉपवर सीडी उघडून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला. तो घातल्यावर पिवळे उद्गारचिन्ह गेले. पेनड्राइव्ह उत्तम चालतो. पण हार्ड डिस्क लावली की तिचा दिवा लागतो, आतून टक-टक असा आवाज दोन-तीनदा येतो आणि डिस्क पडद्यावर दिसून लगेच नाहीशी होते. डिस्क गेली की काय, या भीतीने मी ती लगेच काढली. त्या डिस्कवर हलशीचे लग्न आहे!

शहापूर_पेठ:
याचसाठी म्हणतो, की प्रत्येक लग्नाच्या दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतली एक स्टुडिओबाहेर असावी.

जुना_हार्डवेअरवाला:
घाबरू नये, डिस्क बहुधा शाबूत आहे. जुन्या पोर्टात लावून खात्री करावी. कार्डाच्या मागच्या टोकाला चार पिनांची पांढरी जागा आहे का, हे पाहावे. तिथे एसएमपीएसमधली (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यातली) पिवळ्या-लाल-काळ्या तारांची पिन लावायची राहिली असणार. पीसीआय एक्सप्रेसच्या खाचेतून १२ आणि ३.३ व्होल्ट मिळतात, पण यूएसबीला ५ व्होल्ट लागतात आणि ते खाचेत नसतात. काही कार्डांवर १२ चे ५ करणारा लहानसा भाग असतो. पेनड्राइव्हपुरता तो पुरतो, पण डिस्कची तबकडी फिरू लागताना जो झटका बसतो, तो त्याला पेलत नाही. टक-टक आवाज त्याचाच असतो. यूएसबी ३.० च्या पोर्टाने ९०० मिलिअँपिअर द्यायला हवेत, आणि ते त्या तारेतून येतात.

तार लावण्यापूर्वी संगणक बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे. पिनेच्या दोन कडा तिरप्या छाटलेल्या असतात. उलटी असल्यास ती जात नाही, तेव्हा जोर लावू नये.

टिळकवाडीकर:
आणि एसएमपीएस किती जुना आहे, हेही पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून दहादा येते-जाते आणि त्यात आधी एसएमपीएसच मरतो.

खानापूरचा स्टुडिओवाला:
तार लावायची राहिली होती, हेच खरे. खोक्यात त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. आता डिस्क गुपचूप फिरते आणि हलशीचे लग्न सुखरूप आहे. आतल्या डिस्कवरून बाहेरच्या डिस्कवर चौसष्ट जीबी चौदा मिनिटांत गेले. मात्र कार्ड रीडर निळ्या पोर्टात लावला, तरी कार्ड उतरवायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. असे का व्हावे?

जुना_हार्डवेअरवाला:
रीडर स्वतःच यूएसबी २.० चा असेल. त्याच्या टोकात डोकावून पाहावे. चारच पट्ट्या असतील तर जुना, त्यांच्या मागे आणखी पाच लहान पट्ट्या दिसल्या तर ३.० चा. निळ्या पोर्टात लावल्याने जुना रीडर नवा होत नाही. मात्र आता रीडर आणि डिस्क एकाच अरुंद बोळात उरलेले नाहीत, त्यामुळे थेट उतरवले तरी पस्तीस-चाळीस मिनिटांवर जाणार नाही.

निपाणीचा वाचक:
रीडर ३.० चा घेतल्यावर आतली डिस्क आडवी येईल. ती भरत आली, की लिहिण्याचा वेग साठ-सत्तरवर घसरतो. तेव्हा बोर्डाचा विचार करावाच लागेल.

जुना_हार्डवेअरवाला:
डिस्क आडवी येत असेल तर डिस्क बदलावी, बोर्ड का बदलावा? त्या बोर्डावरचे साटा (आतली डिस्क जोडण्याची वाट) ३ गिगाबिटचे आहे. साधी एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) लावली तरी सेकंदाला अडीचशेच्या आसपास वेग देईल.

खानापूरचा स्टुडिओवाला:
बेळगावला पत्रिकांचा कागद आणायला गेलो होतो, तेव्हा ३.० चा रीडर घेतला. काल नंदगडच्या लग्नाचे चौसष्ट जीबीचे कार्ड रीडरमधून थेट हार्ड डिस्कवर उतरवले, तेरा मिनिटे लागली. एसएसडीचे लग्नसराई संपल्यावर पाहीन. सर्वांचे, विशेषतः हार्डवेअरवाल्या काकांचे आभार.

एक गोष्ट मात्र निपाणीकरांना सांगायलाच हवी. कालपासून माझा माउस थांबून थांबून चालतो. पत्रिकेत गणपती मध्यावर ठेवायला गेलो, तर तो आहेराच्या ओळीवर जाऊन बसला. माउसचा रिसीव्हर मी निळ्या पोर्टाच्या अगदी खालच्या पोर्टात लावला होता. तो पुढच्या बाजूला लावल्यावर माउस सुधारला.

निपाणीचा वाचक:
टिळकवाडीकरांनी हे वाचले असेल, अशी आशा आहे.