वऱ्हाडासाठी ठाण्यात माफक दरात खोल्या: ऑनलाइन आरक्षण करावे की थेट हॉटेलशी बोलावे?

कोपरीकर यांचा प्रश्न:

नमस्कार. माघात एका रविवारी पुतणीचे लग्न पाचपाखाडीतल्या सभागृहात आहे. सातारा आणि इस्लामपूरकडची मंडळी शनिवारी दुपारी येतील व सोमवारी सकाळी परततील, त्यामुळे त्यांच्यासाठी दोन रात्रींकरिता सहा खोल्या हव्या आहेत. त्यांत वयस्कर जोडपी असल्याने लिफ्ट आणि कमोड असणे आवश्यक आहे.

आरक्षणाच्या ॲपवर एकाच खोलीचा शोध घेतला की दर २,८०० रुपये दिसतो, पण सहा खोल्या टाकल्या की त्याच हॉटेलात त्याच तारखांना प्रत्येक खोलीमागे ३,४०० रुपये दाखवतात. पैसे भरण्याच्या पानावर पोहोचेपर्यंत रक्कम आणखी वाढलेली असते. शिवाय ‘या दरात एकच खोली शिल्लक’ ही सूचना रोजच दिसते. घरचे कार्य आहे, पाहुण्यांची गैरसोय होऊ द्यायची नाही आणि विनाकारण पैसेही घालवायचे नाहीत. कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तुर्भे_फ्रंटऑफिस यांचे उत्तर:

मी नवी मुंबईत हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करतो, त्यामुळे पडद्यामागे काय घडते ते सांगतो. एकाच प्रकारच्या खोल्या हॉटेल वेगवेगळ्या दरांच्या टप्प्यांत विक्रीस ठेवते आणि प्रत्येक संकेतस्थळाला त्यातल्या काही देते. २,८०० च्या टप्प्यात दोनच खोल्या उरल्या असतील आणि आपण सहा मागितल्या, तर सहाही खोल्या ज्या टप्प्यात मिळतील तो वरचा दर यंत्रणा सगळ्यांना लावते. म्हणून आधी एक, मग दोन, मग तीन खोल्या टाकून पाहावे. दर कुठे उडी मारतो ते लगेच कळते आणि आरक्षण तुकड्यांत करता येते. ‘एकच खोली शिल्लक’ याचा अर्थही बहुधा त्या संकेतस्थळावर, त्या टप्प्यात एक उरली, इतकाच असतो. संपूर्ण हॉटेल भरले आहे, असा तो नसतो.

मात्र सहा खोल्या म्हणजे हॉटेलच्या दृष्टीने गटाचे आरक्षण आहे. संकेतस्थळाचे कमिशन साधारणपणे १५ ते २५ टक्क्यांच्या घरात असते आणि थेट आलेल्या पाहुण्यावर ते वाचते, म्हणून दुपारी तीन ते पाचच्या सुमारास, चेक-आउटची गर्दी ओसरल्यावर, फोन करून व्यवस्थापकांशी किंवा विक्री विभागाशी बोलावे. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला दर कमी करण्याचा अधिकार सहसा नसतो. ॲपवर जाहीर केलेल्या दराखाली उघडपणे जायला काही हॉटेले कचरतात, पण तेवढ्याच पैशांत नाश्ता, जादा गादी किंवा लवकर चेक-इन देतात, आणि वऱ्हाडासाठी ते अधिक मोलाचे ठरते. हॉटेलने आपला दर इतरत्र कमी ठेवू नये, अशा अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबो या आरक्षण संकेतस्थळांना २२३ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता आणि त्या अटी बदलण्यास सांगितले होते. म्हणून थेट दर विचारण्यात संकोच बाळगू नये.

आणखी एक सुचवतो. नवी मुंबईतल्या महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यातली हॉटेले कंपन्यांच्या कामासाठी येणाऱ्यांवर चालतात, ती सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवार-रविवारी बरीच मोकळी असतात. त्याच दिवशी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कार्यक्रम नाही ना, एवढे आधी पाहून घ्यावे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेच्या कार्यक्रमांच्या वेळी या परिसरातले दर कुठच्या कुठे गेले होते.

हिशेबनीस_नौपाडा यांचे उत्तर:

रक्कम शेवटच्या पानावर वाढते त्याचे एक कारण कर आहे आणि दुसरे संकेतस्थळाचे सेवाशुल्क. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रतिदिन ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. आपल्या दरात ही सीमा येत नाही, पण कोणी मोठी खोली घेणार असेल तर ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला, हे ध्यानात ठेवावे. कोणी आजही १२ टक्के लावून कोटेशन देत असेल तर स्पष्ट विचारावे.

तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या रकमेचीच करावी. तिथे प्रवास विमा किंवा देणगी यांच्यापुढे आधीच खूण केलेली असेल तर ती काढून टाकावी. शुल्क टप्प्याटप्प्याने उघड करणे, खोटी घाई निर्माण करणे आणि न विचारता वस्तू जोडणे हे प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहेत. तक्रारीसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

थेट बोलण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. एक-दोन खोल्यांसाठी बँकेच्या कार्डावरची सवलत धरली तर ॲपच अनेकदा स्वस्त पडते. त्यामुळे विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षण आजच करून ठेवावे, रद्द करण्याची अंतिम तारीख आणि वेळ कॅलेंडरमध्ये नोंदवावी, आणि मग निवांत घासाघीस करावी. लग्नसराईत शेवटच्या क्षणी दर उतरेल या आशेवर थांबू नये.

कासारवडवली_रहिवासी यांचे उत्तर:

नकाशावर ‘ठाणे’ लिहिले आहे एवढ्यावर खोली घेऊ नका. घोडबंदर रस्त्यावरची, आमच्या बाजूची हॉटेले दरात बरी वाटतात, पण मुहूर्ताच्या दिवशी पाचपाखाडीला पोहोचताना माजिवड्याच्या कोंडीत वऱ्हाड अडकले तर वाचलेल्या पैशांचा काय उपयोग? त्यापेक्षा ऐरोली किंवा रबाळे बरे, ठाणे-वाशी लोकलने थोडक्यात येता येते. फक्त त्या रविवारी या ट्रान्सहार्बर मार्गावर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, आहे का ते पाहावे.

थेट फोन करताना क्रमांक हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा, कारण नकाशावर आणि शोधात भामटे स्वतःचे क्रमांक घालून ठेवतात. आगाऊ रक्कम व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर मागितली तर पाठवू नये, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे.

कोपरीकर:

सर्वांचे आभार. एक शंका राहिली. आरक्षण माझ्या नावाने केले आणि माझे आधार ठाण्याचे असले, तर ‘स्थानिक ओळखपत्र चालणार नाही’ असे सांगून खोली नाकारतात म्हणे. हे खरे आहे का?

तुर्भे_फ्रंटऑफिस:

काही हॉटेलांत तसे होते. कायद्यात तशी बंदी नाही, तो हॉटेलचा स्वतःचा नियम असतो आणि ॲपवर ‘नियम’ या भागात तळाशी लिहिलेला सापडतो. पैसे आपण भरले तरी प्रत्येक खोलीसाठी तिथे राहणाऱ्या पाहुण्याचे नाव घालावे, सर्व प्रौढांची मूळ ओळखपत्रे सोबत आणायला सांगावे, आणि ठरलेला दर, नाश्ता, चेक-इनची वेळ व लिफ्टजवळच्या खालच्या मजल्यावरील खोल्या हे सारे हॉटेलकडून ईमेलवर लिहून घ्यावे.