हिवाळ्यात गुरं डोंगरावर? (बरेन, आयर्लंड)

मुलुंडची_मावशी:
लेक गॉलवेला शिकतेय. परवा तिने बरेनचा फोटो पाठवला. नजर जाईल तिथवर राखाडी कातळ आणि एका फटीत गडद निळं, पाच पाकळ्यांचं फूल. म्हणाली, "आई, इथे गुरं चरतात म्हणून ही फुलं टिकलीत." मला काही पटेना. रत्नागिरीला सड्यावर सीतेची आसवं फुलली की माझी आजी बकऱ्यांना तिकडे फिरकूही द्यायची नाही. मे महिन्यात मी जातेय. कोणी पाहिलंय का?

पायपीट:
मावशी, लेक बरोबर सांगतेय. लिमरिकला नोकरीला होतो तेव्हा तीनदा गेलोय.

तिथे गुरं ऑक्टोबरअखेर वर चढवतात आणि एप्रिलअखेर खाली आणतात. 'विंटरेज' म्हणतात त्याला. सगळी चुनखडी, पाणी फटींतून खाली जातं, त्यामुळे वर चिखल होत नाही. शिवाय उन्हाळाभर तापलेला दगड थंडीतही ऊब धरून असतो. हिवाळाभर गुरं जुनं गवत खाऊन टाकतात, वसंतात कोंबांना मोकळं ऊन मिळतं. जिथे गुरं जायची थांबली, तिथे हेझलची झुडपं माजली आणि फुलं दबली.

ते निळं फूल जेन्शियन. जवळच पांढरं माउंटन एव्हन्स दिसेल, ते उत्तर ध्रुवाकडचं. आणि त्याच माळावर भूमध्य समुद्राकडचं ऑर्किड! एवढं जवळजवळ मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

एक कराच. गुडघे टेकून फटीत डोकवा. वर वारा कान कापत असतो, आत दमट, शांत. मला हाताच्या अंतरावर हंसराज दिसला, आपल्या विहिरीच्या कठड्यात उगवतो त्याचाच भाऊबंद. डोळ्यांत पाणी आलं.

पोलनाब्रोनची पाषाणसमाधीही बघा, पाच हजार वर्षांहून जुनी आहे. तिथे लोक हौसेने दगडांचे मनोरे रचतात. कृपा करून एकही दगड उचलू नका.

सडावेडा:
चराई वाईट नाही, वेळ महत्त्वाची. कासला कुंपण घातल्यावर चराई थांबली आणि गवत माजलं, असं तिथले गावकरी सांगतात.

मुलुंडची_मावशी:
पायपीट, सडावेडा, मनापासून आभार. काल रात्री आईला फोन केला. ती म्हणाली, आजी भाद्रपदात बकऱ्या अडवायची हे खरं, पण दिवाळी झाली, सडा वाळला, की स्वतःच हाकलत वर न्यायची.