मरिनर्स यंदा वर्ल्ड सिरीज गाठणार की नाही?

रेंटनकर (जानेवारी 2026)

डिसेंबरात आपला बॅटर पोलांको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला आणि तेव्हापासून ऑफिसात काय, मंडळाच्या संक्रांतीला काय, एकच सूर कानावर येतोय: "गेली संधी. आता बसा अजून वीस वर्षं." मला हे मुळीच पटत नाही. 2026 मध्ये आपला बेसबॉल संघ सिॲटल मरिनर्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे ऑक्टोबरअखेरची अंतिम मालिका, खेळेल असं माझं ठाम मत आहे.

इथे नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. संघ 1977 पासूनचा. मेजर लीगच्या 30 संघांपैकी वर्ल्ड सिरीज एकदाही न खेळलेला हा एकटाच. 2001 ला 116 सामने जिंकले तरी यांकीजनी वाट अडवली, आणि त्यानंतर थेट 2022 पर्यंत प्लेऑफचं, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांचं, तोंड दिसलं नाही. गेल्या वर्षी 90 विजय मिळवून डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. मग वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या मालिकेत टोरोंटोत सातवा, निर्णायक सामना, नऊपैकी सातवी इनिंग, आपण 3-1 ने पुढे, फक्त आठ आउट काढायचे बाकी. टोरोंटोच्या जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका) मारला आणि 4-3 ने सगळं संपलं.

आता माझी कारणं. गिल्बर्ट, कर्बी, कॅस्टिओ, वू, मिलर हे पाच सुरुवातीचे पिचर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारे चेंडूफेके. 2025 मध्ये यातले चार कधी ना कधी जखमी होते: कर्बीचा खांदा, गिल्बर्ट आणि मिलरचं कोपर, ऐन सप्टेंबरात वूच्या छातीचा स्नायू. तरी 90 विजय! पाचही जण धड राहिले तर काय होईल, विचार करा. बॅटर नेलर पाच वर्षांच्या करारावर राहिलाय. आपल्याच गटातला ह्यूस्टन 2016 नंतर पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिला. याहून मोकळं रान आपल्याला कधी मिळालं होतं?

सोनाली_बॉथेल

रेंटनकर, चार जणांच्या दुखापती तुम्ही आशेच्या खात्यात मांडल्यात. मी त्या काळजीच्या खात्यात मांडते. पिचरचं कोपर एकदा दुखलं की पुढच्या वर्षी ते नवं होऊन येत नाही. त्यात टोरोंटोच्या आधीच्या फेरीत डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना 15 इनिंग चालला, तेव्हा गिल्बर्ट आणि कॅस्टिओ दोघांनाही बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर म्हणून, आणावं लागलं. मध्ये दोनच दिवस विश्रांती, आणि गिल्बर्ट टोरोंटोत पुन्हा सुरुवातीला उभा. याचा हिशेब कधीतरी चुकवावा लागतो.

आणि सगळी भिस्त कॅल रॉलीवर. 60 होमरन! कॅचरने (आपल्या विकेटकीपरसारखा) एका मोसमात 48 च्या वर कधी मारले नव्हते. मी तो चमत्कार जन्मभर विसरणार नाही. पण रॉली कॅचर आहे हो. प्रत्येक चेंडूला उकिडवं बसायचं, नऊ इनिंग, आठवड्यातून पाच-सहा वेळा. गेल्या वर्षी दीडशेच्या वर सामने खेळला, शिवाय ऑक्टोबर. आता मार्चमध्ये अमेरिकेकडून वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांची स्पर्धाही खेळणार. गुडघे लोखंडाचे नसतात. यंदा 40 झाले तरी मी देवाचे आभार मानेन. मग उरलेले 20 कोण मारणार? पोलांकोचे 26 गेले. सुआरेझचा करार संपला, आणि तो परत येईल असं मला वाटत नाही.

हर्षद_के

सोनालीताईंशी सहमत, आणि एक भर. आपल्या मैदानाची हवा थंड आणि जड, तिथे बॅटर आधीच उपाशी राहतात. 2024 ला लीगमध्ये सर्वाधिक स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आपल्याच बॅटरांचे. सातव्या सामन्याचा शेवटही तसाच झाला: आपला बॅटर हुलिओ स्ट्राइकआउट, आणि रॉली पुढच्या पाळीसाठी बॅट घेऊन तसाच उभा राहिला. ते दृश्य मी आजही पूर्ण बघू शकत नाही.

मीनल

मी 10 ऑक्टोबरला डेट्रॉइटविरुद्धच्या त्याच पाचव्या सामन्याला मैदानात होते, म्हणून गिल्बर्टबद्दल थोडं सांगू द्या. बाबा साताऱ्याहून आलेले, त्यांचा हा पहिलाच बेसबॉल सामना. पहिल्या सहा इनिंगांत डेट्रॉइटच्या स्कुबलने आपले 13 जण स्ट्राइकआउट केले. बाबा म्हणाले, "याला बदलत का नाहीत म्हणून मनात म्हणतोय, आणि बदलला तर वाईटही वाटेल." दहाव्या इनिंगला गिल्बर्ट धावत आला तेव्हा शेजारच्या रुळावरून मालगाडी भोंगा वाजवत गेली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. बाबाही उभे राहिले, मग शेवटपर्यंत बसलेच नाहीत. सामना जवळजवळ पाच तास चालला. पोलांकोच्या सिंगलवर क्रॉफर्ड विजयी धाव घेऊन घरी (होम प्लेटला) आला तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली होती.

सोनालीताई, त्या रात्रीने हात थकले हे खरं. पण हा संघ घाबरत नाही हेही मला त्याच रात्री दिसलं. ते मागच्या पंधरा वर्षांत मला कधी दिसलं नव्हतं.

अण्णा_कर्कलंड

मंडळी, संघ चांगला आहे यावर वादच नाही. प्रश्न मॅनेजर विल्सनचा आहे. स्प्रिंगर आला तेव्हा एक आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. वू दमलेला. विल्सनने राखीव पिचर बझार्डोला आणलं आणि मुन्योझला, म्हणजे आपल्या सर्वोत्तम पिचरला, शेवटच्या आउटसाठी राखलं.

आता बार्बाडोस आठवा, 29 जून 2024. आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या. रोहितने बुमराला विसाव्या षटकासाठी झाकून ठेवलं नाही. सोळावं आणि अठरावं दिलं, दोन्ही मिळून सहा धावा गेल्या. विसावं हार्दिकने टाकलं. सामना जिथे पेटलाय तिथे हुकमी पत्ता टाकायचा असतो. विल्सन हे शिकला असेल तर वर्ल्ड सिरीज, नाहीतर पुन्हा तेच.

रेंटनकर

अण्णा, मुन्योझबद्दल मान्य. मी त्या क्षणी टीव्हीसमोर त्याचंच नाव ओरडत होतो. पण बझार्डोवर सगळं ढकलू नका, त्याने वर्षभर असेच अवघड प्रसंग निभावले होते.

हर्षद, जड हवा आपल्या पिचरांच्याच कामी येते, ती घरच्या 81 सामन्यांत आपल्या बाजूने आहे. आणि हुलिओने त्याच सामन्यात होमरन आणि डबल मारला होता, तेही धरा. सोनालीताई, रॉलीवरचा भार कमी व्हायला हवा हे तुमचं म्हणणं रास्त आहे. त्यासाठीच दुसरा भरवशाचा कॅचर हवा, म्हणजे रॉलीला डीएच म्हणून फक्त बॅटिंग करता येईल.

सोनाली_बॉथेल

मग यावरच थांबू. दुसरा कॅचर आला आणि रॉलीला आठवड्यातले दोन दिवस ग्लोव्ह घालावा लागला नाही, तर मी तुमच्या बाजूला येईन. नाही तर माझा अंदाज 86 विजय, आणि शेवटच्या आठवड्यात जीव टांगणीला. मीनल, बाबा पुन्हा कधी येणार आहेत?

मीनल

सप्टेंबरात. तिकीट काढताना विचारत होते, ऑक्टोबरअखेरचं परतीचं चालेल का.