गाऱ्हाण्याने धीर येतो की धार जाते?

सड्यावरचा

पेडणे तालुक्यातील आमच्या गावाच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, एक मोठा बांधकाम प्रकल्प येऊ घातला आहे. गावच्या बागायतीला आणि विहिरींना पाणी मिळते ते याच सड्यात मुरलेल्या पावसाचे. समोरच्यांकडे पैसा, वकील आणि वरपर्यंत ओळखी आहेत. आमच्याकडे जमिनीच्या नोंदीचे एक-चौदाचे उतारे, दोन निवृत्त शिक्षक आणि पुष्कळशी भीती. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी ग्रामदेवतेच्या देवळात गाऱ्हाणे, म्हणजे सामूहिक साकडे, घातले गेले. मानकऱ्याने ‘बा देवा म्हाराजा’ अशी हाक दिली आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले. मग कौल घेण्यासाठी गुरवाने ओल्या पाषाणावर कळ्या लावल्या आणि बऱ्याच वेळाने उजवीकडची कळी सुटली, म्हणजे देवाचा होकार आला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत, एरवी मागच्या बाकांवर गप्प बसणाऱ्या बायकांनी उठून सरपंचांना पाण्याविषयी असे प्रश्न विचारले, की त्यांना उत्तर देण्यासाठी मुदत मागून घ्यावी लागली.

गावातील एका शिकलेल्या तरुणाने मला विचारले, ‘देवावर सोपवले ना, मग आता घरी जाऊन झोपायचे का?’ माझे मत नेमके उलट आहे. ज्याचा देवावर भरवसा आहे त्याला निकालाचे ओझे एकट्याने वाहावे लागत नाही, आणि ते ओझे उतरल्यामुळेच तो आपल्यापेक्षा दसपट बलवान माणसासमोर उभा राहू शकतो. आपणास काय वाटते?

हेतुवादी

बायका बोलल्या त्या विहिरी आटतील या काळजीने, आणि आदल्या संध्याकाळी सगळा वाडा एकत्र जमल्यामुळे आपण एकट्या नाही हे त्यांना कळले म्हणून. तीच माणसे शाळेच्या पटांगणात जमली असती तरी परिणाम हाच झाला असता.

गोव्याचा इतिहासही आपल्या बाजूने साक्ष देत नाही. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात सभाबंदी झुगारून उभे राहिले ते नागरी स्वातंत्र्य मागण्यासाठी. त्या दिवशी मैदानात आलेल्या माणसांनी आधी कोणत्या देवाला कौल लावला होता, असे कोणी सांगत नाही. आपल्याच तालुक्यात पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 रोजी निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांसमोर चालत गेले. त्यांत थेट पंजाबातून आलेले कर्नैल सिंग होते. त्यांच्यापैकी काही श्रद्धाळू असतील, काही नसतील, पण पाऊल पुढे टाकण्यासाठी श्रद्धा ही अट नव्हती. आणि एवढे धैर्य खर्ची पडूनही पोर्तुगीज गेले ते डिसेंबर 1961 मध्ये, लष्कर आत आल्यावर.

माझा आक्षेप गाऱ्हाण्याला नाही, त्याच्या हिशेबाला आहे. यश आले की देवाने दिले, अपयश आले की आपली भक्ती कमी पडली. असा हिशेब ठेवणारा गाव आपल्या चुका कधी तपासणार?

फोंड्याची वाचक

हेतुवादींनी 1946 पासून सुरुवात केली. त्याआधीची चारशे वर्षे सोडून दिली. पोर्तुगीज देवळे मोडत होते तेव्हा, 1560 मध्ये, मंगेशाचे लिंग कुठ्ठाळीहून रातोरात नदीपार करून प्रियोळला आणले गेले. त्याच दशकात केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. ज्यांनी हे केले त्यांच्याकडे सैन्य नव्हते. पकडले गेलो तर काय होईल हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि मागे राहिलेली घरे, शेते, नारळी पुन्हा दिसणार नाहीत हेही. निव्वळ हिशेब करणारा माणूस त्या रात्री होडीत बसला नसता.

मात्र एक गोष्ट आपल्याकडे फार सैलपणे सांगितली जाते, ती इथे दुरुस्त करते. हे देव ‘हिंदू राजाच्या आश्रयाला’ आले असे म्हणतात. परंतु त्या वेळी फोंडा महाल विजापूरच्या आदिलशहाकडे होता, सौंदेच्या हिंदू राजांचा अंमल नंतरचा. म्हणजे भक्तांनी श्रद्धेबरोबर डोकेही वापरले: पोर्तुगिजांचा हुकूम कुठे संपतो ते पाहिले आणि देव त्या रेषेपलीकडे नेला. कवळ्याचे आजचे देऊळ उभे राहिले ते 1730 ते 1738 या काळात, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने. मधली पावणेदोनशे वर्षे त्या कुटुंबांच्या पिढ्यांनी साध्याशा निवाऱ्यातील देवासमोर दिवा लावला. हे धैर्य मला लढाईतल्या धैर्यापेक्षा अवघड वाटते, आणि ते श्रद्धेशिवाय कशातून आले असेल हे हेतुवादींनी सांगावे.

हेतुवादी

कुळाच्या अभिमानातून, जमिनीच्या ओढीतून, आणि परतीची वाट बंद झाल्यामुळे. ही कारणे लहान आहेत असे मला वाटत नाही. आदिलशाहीबद्दलच्या दुरुस्तीसाठी मात्र आभार. ती माझ्याच बाजूची आहे.

साष्टीकर

आपण सगळे सोयीची उदाहरणे निवडत आहात. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावाचे घ्या. देवळे मोडली गेल्याने संतापलेल्या गावकऱ्यांनी जुलै 1583 मध्ये रुदोल्फ आक्वाविवा आणि त्यांच्याबरोबरचे चार जेझुइट मिशनरी यांना ठार केले. पुढे पोर्तुगिजांनी बोलणीसाठी म्हणून गावच्या सोळा नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले. एक निसटला, बाकीच्यांना तिथेच मारले. आता सांगा, देवावर कोणाचा भरवसा होता? दोघांचाही. ते पाच जेझुइट निःशस्त्र होते आणि देवासाठी मरण आले तर ते भाग्य, अशा श्रद्धेने आले होते. नायकही आपल्या देवीसाठी उभे होते. धैर्य दोन्हीकडे खरे होते, म्हणूनच धैर्यावरून कोणाची बाजू न्याय्य हे ठरत नाही. उद्या प्रकल्पवालाही पायाभरणीला सत्यनारायण घालील. कदाचित गाऱ्हाणेही घालील.

कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्पा गावी गेली ती कायमची. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकर कुळांच्या, छत्र्यांची मिरवणूक वर्षातून एकदा गुलालात न्हात कुंकळ्ळीला येते, तिच्यात ख्रिस्ती गावकरीही असतात. त्या गर्दीत ‘देव कोणाचा’ हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे मला नेहमी आवडत आले आहे. असो, विषयांतर झाले.

बार्देशहून

मी ख्रिस्ती आहे आणि मराठी शाळेत शिकलो, म्हणून दोन शब्द. ज्या दावीद आणि गल्याथाच्या कथेचा आधार आमच्याकडे अशा प्रसंगी नेहमी घेतला जातो, ती फार उथळपणे वाचली जाते. गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत होता आणि राजासकट सगळे सैन्य घाबरून बसले होते. दावीद परमेश्वराच्या नावाने पुढे झाला हे खरे, पण शौल राजाचे चिलखत त्याने उतरवून ठेवले, कारण त्याची त्याला सवय नव्हती. ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे त्याने स्वतः निवडले आणि गोफण तर त्याची रोजचीच होती. मेंढरांवर आलेल्या सिंहापासून आणि अस्वलापासून देवाने आपल्याला वाचवले, या अनुभवावर त्याचा भरवसा उभा होता.

साष्टीकरांच्या प्रश्नाला मात्र ही कथा पुरत नाही, हे मान्य. त्यासाठी दानिएलाच्या पुस्तकातील ते तीन तरुण पाहावेत, ज्यांना नबुखद्नेस्सर राजाने सोन्याच्या मूर्तीला दंडवत न घातल्यास भट्टीत टाकण्याची धमकी दिली. आमचा देव आम्हांला सोडवील, असे ते म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले, की त्याने न सोडवले तरी आम्ही मूर्तीला नमणार नाही. हेतुवादींच्या यशापयशाच्या हिशेबात हे ‘तरी’ बसत नाही.

हेतुवादी

हे ‘तरी’ मला आवडले, आणि म्हणूनच मूळ लेखकाला थेट विचारतो. कळी डावीकडची सुटली असती, तर आपला गाव ग्रामसभेत गप्प बसला असता काय? बसला असता, तर पाण्यासारखा प्रश्न आपण एका कळीवर टाकला. नसता बसला, तर कौल कशासाठी लावला?

सड्यावरचा

प्रश्न रास्त आहे आणि गावातही तो कुजबुजत विचारला गेला होता. विरोध करायचा की नाही, हे आम्ही देवाला विचारलेच नव्हते. ते आधीच ठरले होते आणि हरकतीच्या अर्जावर सह्याही झाल्या होत्या. विचारले होते ते एवढेच, की पैशाच्या आमिषाने कोणी फुटणार नाही अशी शपथ सगळ्यांनी देवळात घ्यावी काय. डावा प्रसाद झाला असता तर शपथ झाली नसती, अर्ज मात्र गेलाच असता.

हेतुवादी

म्हणजे भीती प्रकल्पवाल्यांची नव्हती, एकमेकांची होती.

सड्यावरचा

होय. आणि एकमेकांच्या भीतीवर मला तरी वकिलाकडे उपाय दिसला नाही. शपथ घेतलेल्यांपैकी दोघांकडे नंतर मध्यस्थ जाऊन आले. एकाने त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवले. दुसऱ्याने चहा पाजला, सगळे ऐकून घेतले आणि संध्याकाळी देवळात येऊन किती रक्कम सांगितली गेली ते चारचौघांत सांगून टाकले. ती रक्कम आता आमच्या हरकतीच्या पुरवणी अर्जात आहे.