मदत हवी आहे: अर्थशास्त्र, पर्यावरणीय जीवशास्त्र आणि वैद्यक एकत्र शिकवणारा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम कसा आखावा?

नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका स्वायत्त महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना अर्थशास्त्र शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार ओपन इलेक्टिव्ह हा विषय विद्यार्थ्याने आपल्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा निवडायचा असल्यामुळे आमच्या विभागाच्या ओपन इलेक्टिव्हला विज्ञान आणि वाणिज्य शाखेचीच मुले येतात. विज्ञानाच्या मुलांनी मागणी-पुरवठ्याचा आलेख कधी पाहिलेला नसतो आणि वाणिज्यच्या मुलांचा जीवशास्त्राशी संबंध दहावीनंतर तुटलेला असतो. या मुलांसाठी दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तासिकांचा, तीन विषयांना जोडणारा अभ्यासक्रम मला येत्या बैठकीत अभ्यास मंडळापुढे ठेवायचा आहे.

पहिला आराखडा मी दहा-दहा तासिकांच्या तीन घटकांचा केला होता. अभ्यास मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांनी तो वाचून एवढेच विचारले की, यातला कोणताही एक घटक काढून टाकला तर उरलेल्या दोन घटकांचे काय बिघडेल? माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण काहीच बिघडत नव्हते. तो आराखडा मी तिथेच मागे घेतला.

त्यानंतर मी घटकवार मांडणी सोडून एकच घटनाक्रम निवडला आहे, तो म्हणजे आपल्याकडील गिधाडांचा ऱ्हास. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याची नोंद विभू प्रकाश यांनी १९९० च्या दशकात केली. कारण कळायला मात्र २००४ साल उजाडले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील पंजाब प्रांतात मेलेल्या गिधाडांचे शवविच्छेदन करून दाखवले की, मृत्यूपूर्वी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध दिलेल्या जनावराचे मांस खाल्ल्याने या पक्ष्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचे पांढरे थर साचतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. त्यातही मला सर्वांत शिकवण्याजोगी वाटते ती गोष्ट अशी की, एवढी घट होण्यासाठी शंभर मृत जनावरांपैकी एकाहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असणे पुरेसे होते. एका जनावरावर एका वेळी अनेक पक्षी उतरतात आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे जीवशास्त्र समजल्याशिवाय तो आकडा विश्वासार्ह वाटतच नाही.

अर्थशास्त्राची बाजू इथूनच निघते. हे औषध जनरिक स्वरूपात स्वस्त झाले आणि गावोगावी पोहोचले. लंगडणाऱ्या बैलाला स्वस्तातले, लगेच आराम देणारे इंजेक्शन टोचून घेणारा शेतकरी त्याच्या परीने शहाणाच निर्णय घेत होता. पाठ्यपुस्तकांत नकारात्मक बाह्यतेसाठी, म्हणजे एकाच्या व्यवहाराची झळ तिसऱ्यालाच बसण्यासाठी, कारखान्याच्या धुराचे उदाहरण असते, परंतु तिथे निदान धूर दिसतो. इथे बैल उभा राहिलेला दिसत होता आणि नुकसानाचे कारण दहा वर्षे कोणालाच दिसले नाही. पुढे २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांपर्यंत पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेपुरती मर्यादित करण्यात आली. बंदी, पर्यायी वस्तू आणि बाजाराने काढलेली पळवाट हे तिन्ही मुद्दे या एका औषधात शिकवता येतात. मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित असल्याचे २००६ मध्येच दाखवले गेले होते, हे पर्यायी वस्तूचे उदाहरण म्हणून घेता येईल.

वैद्यकाचा भाग उघड्यावर राहिलेल्या मृत जनावरांपासून सुरू होतो. गिधाडांनी सोडलेले अन्न भटक्या कुत्र्यांना मिळाले आणि कुत्र्यांबरोबर चावे व रेबीज वाढले. अनिल मार्कंडेय आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात १९९२ ते २००६ या काळात रेबीजचे सुमारे ४८ हजार जादा मृत्यू आणि ३४ अब्ज डॉलरची हानी असा अंदाज आहे. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांच्या २०२४ च्या शोधनिबंधात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू आणि वर्षाला ६९.४ अब्ज डॉलरची हानी असा अंदाज आहे. हे दोन आकडे एकमेकांपासून इतके दूर का, हाच अभ्यासक्रमाचा कणा करावा असा माझा विचार आहे. पहिल्या अभ्यासाने कुत्रे, चावा आणि रेबीज ही साखळी मोजली आहे, तर दुसऱ्याने गिधाडांना अनुकूल असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील सर्व कारणांच्या मृत्युदरांची तुलना केली आहे.

माझ्या अडचणी पुढीलप्रमाणे आहेत. जिल्ह्यांची ही तुलना समाश्रयणाचे (रिग्रेशनचे) गणित न वापरता कशी शिकवावी? त्याहून अवघड म्हणजे मृत्यूंना पैशाचे मूल्य लावण्याची पद्धत. मागे एका व्याख्यानात मी ती ओझरती सांगितली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, मग आमच्या गावातल्या माणसाचा आकडा अमेरिकेतल्या माणसाहून कमी का धरतात?" उत्पन्नानुसार तो बदलतो, हे उत्तर मी दिले, पण ते तिला पुरले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पुरले नाही. तिसरी अडचण क्षेत्रकार्याची. घरट्यांच्या जागी तीस-चाळीस मुलांना नेणे मला अजिबात मान्य नाही. शेवटची अडचण अशी की, डॉक्टर नसताना मी रेबीजविषयी किती आणि काय शिकवावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (पशुवैद्यक)

मॅडम, घरट्यांइतकेच मृत जनावरांपासूनही मुलांना दूर ठेवा. अचानक मेलेल्या जनावराच्या नाकातोंडातून रक्त येत असेल तर काळपुळीची (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा जीवघेणा आजार) शंका धरून आम्हीही ते उघडत नाही. क्षेत्रकार्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या ओळखीच्या पाच पशुपालक घरांत तीन गोष्टी विचाराव्यात: आजारी जनावराला औषध कोण देते, मागच्या वेळी कोणते औषध दिले, आणि मेलेले जनावर कुठे जाते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे तुम्हाला सर्वांत जास्त शिकवतील, कारण गिधाडे गेल्यावर ते काम कोणाच्या अंगावर पडले हे त्यातूनच कळते. औषध दुकानात जाऊन बंदी असलेले औषध मागून पाहण्याचा प्रयोग मात्र मुलांकडून करून घेऊ नये.

आशयात एक भर घाला. तुमचा घटनाक्रम २०१५ ला थांबतो, परंतु केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक या वेदनाशामकांवर जनावरांसाठी २०२३ मध्ये बंदी आली आहे. गुरांच्या शरीरात अॅसिक्लोफेनॅकचे रूपांतर डायक्लोफेनॅकमध्येच होते. एका रेणूवर बंदी घातली की त्याचाच भाऊबंद बाजारात पुढे येतो, हे मुलांना नीट समजावून सांगावे.

प्रतिसाद २ (वैद्यकीय महाविद्यालयातील सामाजिक वैद्यकाच्या अध्यापिका)

रेबीजचे उपचार शिकवण्याची जबाबदारी आपली नाही, परंतु चावा झाल्यावर पहिल्या तासात काय करावे हे कोणत्याही शिक्षकाने शिकवावेच. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, तिच्यावर मिरचीपूड, हळद किंवा चुना न लावणे, आणि त्याच दिवशी लस सुरू करणे. त्वचेत दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे आहेत, तर स्नायूत दिल्या जाणाऱ्या लसीसाठी त्यात १४ वा दिवस येतो. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) लागते. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून इथे प्रतिबंधाचा खर्च आणि उपचाराचा खर्च अशी नेहमीची तुलना लागू पडत नाही, हे तुमच्या विषयाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे.

आकड्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. फ्रँक आणि सुदर्शन यांचे पाच लाख मृत्यू हे रेबीजचे मृत्यू नव्हेत. त्यांत दूषित पाण्यातून होणारे आजारही येतात. रेबीजसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज भारतात वर्षाला १८ ते २० हजार मृत्यू असा सांगितला जात असे, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२२-२३ मधील घरोघरच्या सर्वेक्षणावरून तो सुमारे ५,७०० निघाला. मुलांपुढे हे दोन्ही आकडे ठेवून, मृत्यूची नोंद कोण करते आणि कोणत्या कारणाखाली करते, यावर एक पूर्ण तासिका द्यावी. शक्य झाल्यास जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एका तासिकेसाठी बोलवा. केंद्राकडून चाव्यांची केवळ महिनावार एकूण संख्या मागा, रुग्णांची नावे असलेली नोंदवही मुलांच्या हाती देऊ नका.

प्रतिसाद ३ (संख्याशास्त्राचे प्राध्यापक)

चार चौकटींचा तक्ता पुरेसा आहे: गिधाडे असलेले जिल्हे आणि नसलेले जिल्हे, औषध येण्यापूर्वी आणि आल्यानंतर. प्रत्येक प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदराचा बदल काढायचा आणि मग त्या दोन बदलांतला फरक काढायचा. वजाबाकी तीनदा करायची आहे, ती वाणिज्यची मुले तुमच्यापेक्षा लवकर करतील. तक्त्याआधी मात्र एक आलेख दाखवा, ज्यात औषध येण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदर एकमेकांना समांतर चालताना दिसतील. ते समांतर नसतील तर पुढची वजाबाकी निरर्थक ठरते, आणि मुलांनी परीक्षेत नेमके हेच लिहिणे अपेक्षित ठेवा.

मूल्याच्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. त्या विद्यार्थिनीला समाधान वाटेल असे उत्तर शोधण्याच्या मागे लागू नका, तिचाच प्रश्न तासिकेचा विषय करा. तीच गणना आधी कमी, मग जास्त मूल्य धरून मुलांकडून करून घ्या आणि धोरणाचा निर्णय कोणत्या आकड्याला बदलतो ते पाहा. मेलॉक्सिकॅम आणि डायक्लोफेनॅक यांच्या किमतीतला फरक इतका लहान आहे की, मूल्य कितीही कमी धरले तरी निर्णय बदलत नाही, असेच बहुधा दिसेल.

धागाकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. पशुपालक घरांच्या सर्वेक्षणाला मी सहा तासिका देत आहे आणि त्याची प्रश्नावली वर्गातच मुलांकडून तयार करून घेणार आहे. तीन वजाबाक्यांची पद्धत मी काल घरी माझ्या भाचीवर, म्हणजे बारावी वाणिज्यच्या विद्यार्थिनीवर, करून पाहिली. तिला ती वीस मिनिटांत समजली. मात्र समांतर आलेखाचा मुद्दा तिच्या गळी उतरवायला आणखी अर्धा तास लागला, त्यामुळे त्यासाठी वेगळी तासिका ठेवली आहे.

आता एकच प्रश्न उरतो. पन्नास गुणांपैकी लेखी परीक्षेत मला असा एक प्रश्न हवा आहे, ज्याचे उत्तर तिन्ही विषयांतले काही ना काही वापरल्याशिवाय लिहिताच येणार नाही, आणि जो पाठांतराने सुटणार नाही. आंतरविद्याशाखीय विषयासाठी अशी प्रश्नपत्रिका कोणी काढली असेल, तर तिचा नमुना आणि गुणांची विभागणी कृपया इथे द्यावी.